गाण्यांची ती वही अजून आहे ना?

पत्र

मी वसई पट्ट्यातल्या एका गावात राहते. वय 73. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली. लहानपणी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत वाढले. 19 व्या वर्षी चर्चच्या गायकवृंदात गेले, ती थेट दोन वर्षांपूर्वीपर्यंत होते. गुडघा बदलला आणि चर्चमधल्या गाणाऱ्यांच्या माडीचा जिना बंद झाला. आता वर कीबोर्ड आहे, गिटार आहे, गाण्यांचे शब्द पडद्यावर दिसतात. क्वायर चालवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी. नाताळच्या आधी मी म्हटलं, खाली बाकावर बसून गाईन. तर म्हणाली, "बाई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा." तेव्हापासून चर्चला जायचं मनच होत नाही. गिटारवर कसली भक्ती होते, देव जाणे. मुलगा म्हणतो, पडलीस तर कोण बघणार, मोबाइलवर मिस्सा बघ. चार महिने तेच करते आहे. माझ्या जोडीने गाणारी मैत्रीण तर दीड वर्ष अंथरुणाला खिळली आहे, गुडघ्यामुळे तिच्याकडेही जाणं होत नाही. मोबाइलवरची मिस्सा चालते का? फादरांना सांगून परत गायला मागू का? की आमच्यासारख्यांनी गप्प घरी बसावं? चर्चला माझा आता काय उपयोग उरलाय?

उत्तर

प्रिय बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. मीही तुमच्याच बाजूची, समुद्राकडच्या गावात वाढलेली. त्यामुळे माडीचा तो अरुंद जिना, सणाच्या आदल्या रात्री घामाघूम होऊन केलेला सराव, फादर वेदीवरून निघाले तरी शेवटचं कडवं पुरं करायचा गाणाऱ्यांचा हट्ट, हे सगळं मला न सांगता कळतं. 52 वर्षं दर रविवारी ज्या जागी उभं राहिलात, ती जागा एका वाक्यात गेली. दुखणारच. देवाच्या कामात मानापमान कसला, असं कोणी ऐकवलं असेल तर ते मनावर घेऊ नका. माणूस गेल्यावर दुखवटा धरतो, तसा हातातलं काम गेल्यावरही धरावासा वाटतो. तुम्ही चार महिने धरलात. आता मात्र उठा, कारण घरी बसून तो कमी होत नाहीये, वाढतोय. तुमच्या पत्रातच ते दिसतं.

आधी त्या मुलीबद्दल. "तुम्ही खूप केलंत" हे तिने मनापासून म्हटलं असेल, असं मला वाटतं. बाईंचं ऑपरेशन झालंय, बाईंना त्रास नको, एवढंच तिच्या डोक्यात असणार. आपल्याकडे मोठ्यांना आराम करा म्हणणं हीच माया समजतात. समोरच्याला आराम नको, माणसं हवी आहेत, हे त्या वयात सुचत नाही. तुम्हाला तरी तेव्हा सुचलं होतं का?

हे मी मुद्दाम विचारते आहे. तुम्ही लॅटिन मिस्सा ऐकत वाढलात. कॅथोलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. तुम्ही 19 वर्षांच्या होऊन माडीवर चढलात, तेव्हा मराठी गाणी नवी होती, त्यांच्या चाली नव्या होत्या. तुमच्याआधी त्या माडीवर कोणीतरी उभं होतं. ज्यांनी अख्खं आयुष्य लॅटिन प्रतिसाद आणि स्तोत्रं पाठ केली, वाक्याचा अर्थ कळो न कळो, सूर चुकू दिला नाही, त्यांची सगळी विद्या चार-पाच वर्षांत बिनकामाची झाली. ती माणसं पुढे कुठल्या बाकावर बसायची, आठवतंय? तुमच्या मराठी गाण्यांबद्दल ती घरी जाऊन काय बोलत असतील? "गिटारवर कसली भक्ती" हे वाक्य त्या काळात पेटी-तबल्याबद्दल बोललं गेलं असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरीही तुमच्या पेटीवर भक्ती झाली. गावाने 52 वर्षं केली. तेव्हा हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा येऊ देऊ नका, निदान सुनेसमोर आणि नातवंडांसमोर तरी. तुम्ही गिटारला नावं ठेवता, एवढंच पोरांच्या लक्षात राहील, तुमचं गाणं राहणार नाही.

म्हणून फादरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. फादर भले असतील तर तुमच्यासाठी त्या मुलीला शब्द टाकतील, ती नाइलाजाने हो म्हणेल, आणि तुम्ही तिथे नको असलेल्या पाहुण्यासारख्या उभ्या राहाल. शिवाय फादरांची काही वर्षांनी बदली होते. ती मुलगी आणि तुम्ही, दोघी इथेच राहणार आहात. तिच्याशीच बोला, तिच्या घरी जाऊन. जागा परत मागू नका. तिला विचारा, मयताच्या घरी कोण गातं गं आता?

आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरी प्रार्थना होते, गाणी होतात. तिथे कीबोर्ड नसतो, पडदा नसतो. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत रडारड, दिवा पिवळा. कोणीतरी नुसत्या गळ्याने सूर धरावा लागतो आणि मग बाकीचे मागून येतात. मी अलीकडे दोन-तीन ठिकाणी पाहिलं, तरुण पोरं मोबाइलवर शब्द शोधतात, शब्द सापडतात, पण चाल कोणालाच येत नाही. पहिल्या ओळीनंतर सगळे थांबतात आणि एकमेकांकडे बघतात. त्या चाली तुमच्या गळ्यात आहेत. तिला म्हणा, महिन्यातून एक तास मुलांना माझ्या घरी पाठव, जिना न चढता शिकवते. ती नाही म्हणणार नाही. म्हणाली, तरी पुढच्या गोष्टी अडत नाहीत.

आता मोबाइलची मिस्सा. चालते का, याचं सरळ उत्तर असं: जो आजारी आहे, ज्याला खरोखरच घराबाहेर पडवत नाही, किंवा जो आजाऱ्याची देखभाल करतो, त्याच्यावर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही. त्याला पाप लागत नाही, आणि पडद्यावरची मिस्सा त्याला नक्कीच आधार देते. पण ती चर्चला जाण्याच्या बदल्यात नसते. पडद्यातून कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा ख्रिस्तप्रसाद, मिळत नाही आणि शेजारचा माणूसही मिळत नाही. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी फादर किंवा त्यांनी नेमलेली माणसं कम्युनियन घरी घेऊन येतात, पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. नाव द्यावं लागतं, एवढंच. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही हा नियमही म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना नाही. मधुमेहाच्या गोळ्या खाऊन उपाशी बसलेल्या किती तरी आज्या मला माहीत आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पण बाई, तुम्ही या यादीत बसत नाही. तुम्ही बाजारात जाता, हे तुम्ही न लिहिता मी समजून चालते. बाजारात जाणारे पाय चर्चलाही जातील. पहाटेची मिस्सा सोडून द्या, उजेडातली धरा. शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते, गर्दी सोसत नसेल तर ती बघा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधन नाही, बसून राहा, आणि कोण काय म्हणेल ते मनात आणू नका. बाकाच्या टोकाला बसा, म्हणजे उठताना हाताला आधार मिळतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा मुख्य दाराचा आग्रह सोडून बाजूच्या सपाट दाराने आत जा. मुलाची काळजी खोटी नाही, त्याच्याशी भांडू नका. त्याला सांगा, येता-जाता रिक्षा, हातात काठी, बरोबर शेजारीण, आणि पोचल्यावर फोन. त्याला आई पडायला नको आहे. आईने घराबाहेरच पडू नये, असं काही त्याचं म्हणणं नसावं.

त्या रिक्षात एक जागा उरते, हेही लक्षात असू द्या. ती आळीतल्या कोणाला तरी हवी असेल.

तुमचा शेवटचा प्रश्न उपयोगाचा. तो वाचून मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना आठवली. 84 वर्षांची विधवा. मूळ वाक्याचा अर्थ काहीजण 84 वर्षांचं वैधव्य असाही लावतात, म्हणजे ती शंभरीच्याही पुढची झाली. मंदिर सोडून ती कुठे जात नसे, उपवास आणि प्रार्थना करत असे. आईबापांनी चाळीस दिवसांचं बाळ येशू मंदिरात आणलं, त्या दिवशी तिथे याजक असतील, शास्त्री असतील, गर्दी असेल. बाळाला ओळखलं दोघांनीच: शिमोनाने आणि हन्नाने, दोघंही म्हातारी. दर वर्षी 2 फेब्रुवारीला मेणबत्त्या आशीर्वादित करतात तो सण याच दिवसाचा. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हन्ना तिथे रोज असायची, म्हणून तिला कळलं. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला नवं काय आलं आणि जुनं काय गेलं, ते चटकन दिसतं.

ही नजर तुमच्याकडे आहे. 52 वर्षं माडीवरून तुम्ही सगळ्यांचे माथे पाहिलेत. डाव्या रांगेत तिसऱ्या बाकावर कोण, खांबाच्या आड कोण, उशिरा येऊन दारात कोण उभं राहतं. नवे फादर आले की त्यांना नावं पाठ व्हायलाच वर्ष जातं. कोण यायचं थांबलं, हे त्यांना कसं कळणार? आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसत नाही. तो दिसण्यासाठी आधीचं माहीत असावं लागतं. पुढचे दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसा आणि नुसतं पाहा. घरी येऊन लिहून काढा, कोण कोण दिसलं नाही. एखादी पडून असेल, एखाद्याला ऐकूच येत नसेल म्हणून नको वाटत असेल, एखादं घर भांडणामुळे लांब गेलेलं असेल. ती नावं फादरांना द्या. फादरांकडे जायचं तर असं काम घेऊन जा.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा दिवस म्हणून ठेवला. येशूचे आजी-आजोबा योआकीम आणि अन्ना यांचा सण 26 जुलैला असतो, त्याला धरून. त्या दिवशी गुलाबाचं फूल देतात, पुढच्या बाकावर बसवतात. छान वाटतं. पण उरलेल्या 51 रविवारी आपलं स्थान काय, हे फूल देणाऱ्यांनी ठरवायचं नाही, आपणच जाऊन बसायचं. मरियेच्या सैन्याचं, लिजन ऑफ मेरीचं उदाहरण मला आवडतं. 1921 साली डब्लिनमध्ये सुरू झालेली ही संघटना. तिच्यात घरोघर जाणारे सभासद असतात, तसेच साहाय्यक सभासदही असतात, ज्यांचं काम रोज ठरलेली प्रार्थना आणि रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करणं. फिरणाऱ्यांइतकेच बसणारे लागतात, हे तिथे नियमातच लिहिलेलं आहे. तुमच्या चर्चच्या धर्मग्रामात असेल तर चौकशी करा. सेंट व्हिन्सेंट डी पॉलचं मंडळ असेल तर त्याचीही. ते 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलं, फ्रेडरिक ओझानाम त्यांच्यात होता, विशीतला पोरगा. गरिबाच्या घरी दोघादोघांनी मिळून जायचं ही त्यांची जुनी रीत. एक तरुण आणि एक तुमच्यासारखी अशी जोडी झाली, तर जिना तरुण चढेल आणि बोलणं तुम्ही कराल.

एकच सांभाळा. होकार देताना हात आखडता ठेवा. रिकामी बाई दिसली की सगळी मंडळं तिच्याकडे वळतात. आठवड्याला एक काम, बस्स.

आणि आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली मैत्रीण. तुमच्या जोडीने गाणारी. तुम्ही पडदा, गिटार, माडी यावर इतकं लिहिलंत आणि तिच्यावर एक वाक्य. चार महिने चर्च सुटलं म्हणून तुम्हाला किती एकटं वाटलं, ते तुम्ही मला कळवलंत. तिला दीड वर्ष झालंय, बाई. तिने कोणाला कळवायचं?

रागावून लिहीत नाही. माझी आई पक्षाघातानंतर चार वर्षं खाटेवर होती, म्हणून लिहिते. सुरुवातीला आमच्या तेव्हाच्या चर्चमधली माणसं गटाने आली, फळांची पिशवी ठेवली, फोटो काढला, गेली. परत कोणी फिरकलं नाही. मला त्याचा फार राग होता, अजूनही थोडा आहे. पण आळीतली एक म्हातारी, तिचं वय तेव्हा 78, दर शुक्रवारी काठी टेकत यायची. येताना कधी सुकेळीचा तुकडा, कधी परसातली चार फुलं. खुर्ची खाटेच्या इतकी जवळ ओढायची की तिचे गुडघे गादीला लागायचे. आईच्या उजव्या हाताला काही कळत नव्हतं. तरी ती त्याच हातात रोजरी द्यायची आणि एकेका मण्यावर आईचं बोट आपल्या बोटांनी दाबायची. एक मणी, एक नमो मरिया, मग पुढचं बोट. आईचं बोलणं गेलं होतं, डॉक्टरांनी फारशी आशा नाही म्हटलं होतं. पण त्या म्हातारीने आमच्या बोलीतलं एक जुनं गाणं धरलं की आईच्या ओठातून शेवटचा शब्द यायचा. पहिला कधीच नाही, कडव्याचा शेवटचा. घरात आम्ही दार लोटून ऐकत उभे राहायचो.

लहानपणी पाठ झालेलं गाणं आणि प्रार्थना फार खोल रुजलेली असते. माणसाला आजचा वार आठवत नाही, पण ते आठवतं. तुमच्या मैत्रिणीला काय झालंय ते तुम्ही लिहिलं नाही. काहीही असलं तरी तिच्या कानात तुमच्या आवाजाची जागा आहे. 52 वर्षांत तुमच्याइतकं कोणी तिच्या शेजारी उभं राहून गायलं नसेल.

जायच्या आधी फोन करा, त्यांच्या घरचं जेवण-आंघोळीचं गणित विचारा. अर्ध्या तासाच्या वर बसू नका. "ओळखलंस का" असं विचारू नका, आपलं नाव आपणच सांगा. औषधांवर सल्ला नको, सुनेच्या देखभालीवर एक अक्षरही नको. चर्चच्या बातम्या न्या: कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला, सणाचा मंडप या वेळी कुठे पडला. एका घरचं दुसऱ्या घरी मात्र नेऊ नका. तिला पहिल्या शुक्रवारी कम्युनियन मिळते का, हे हळूच विचारा, मिळत नसेल तर नाव तुम्ही द्या. आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराला घरची माणसं घाबरतात, आता शेवट आला असं समजतात. तो फक्त मरणाऱ्यासाठी नाही, गंभीर आजारी आणि फार अशक्त झालेल्या म्हाताऱ्यांसाठी आहे, पुन्हा पुन्हाही घेता येतो. तुम्ही शिकवणाऱ्या आहात, त्यांना नीट समजावून सांगता येईल.

पहिल्यांदा जाताना तिथे रडू येईल. येऊ द्या. दीड वर्ष आला नाहीत, याची माफीही मागा, गुडघ्याचं कारण न सांगता.

आणि ती वही काढा. प्रत्येक जुन्या गाणाऱ्याकडे असते तशी तुमच्याकडेही असणार, पानं पिवळी, कडेला पेन्सिलीने सुरांच्या खुणा, कुठे तरी तिच्या अक्षरातली एखादी ओळ. याच शुक्रवारी रिक्षा सांगून ठेवा. वही पिशवीत घाला, आणि वाचायचा चष्माही.